दिवा मालवला की थांबणारी साखळी

वांद्र्याच्या हिल रोडवर नेल पार्लरांना तोटा नाही. जांभळ्या दिव्याखाली बोटं धरली की मिनिटाभरात ओलं जेल टणक होतं. मला रस त्या दिव्यात आहे. नखं मी अजून दातांनीच कुरतडतो.

जेलमधले छोटे रेणू, म्हणजे मोनोमर, एकमेकांना जोडले जाऊन पॉलिमर होतात. सुरुवात रॅडिकल करतो. रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असलेला रेणू. तो दिसेल त्या मोनोमरला चिकटतो, मग ते एकटेपण नव्या टोकाकडे जातं आणि ते टोक पुढचा मोनोमर पकडतं. साखळी सेकंदाभरात हजारो कड्यांची होऊ शकते. दोन टोकं एकमेकांना भेटली की दोन्ही साखळ्या संपल्या. कोणती किती लांब होणार हे नशिबावर.

नखाला हे चालतं. पण सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या हव्या असतील, किंवा अर्धी साखळी एका मोनोमरची आणि अर्धी दुसऱ्याची हवी असेल, तर ती मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता यायला हवी. 1956 साली अमेरिकेत मायकेल श्वार्ट्स यांनी हे करून दाखवलं, पण रॅडिकलने नव्हे, ऋणभारित टोकांनी. सारख्या भाराची टोकं एकमेकांना मारत नाहीत, त्यामुळे मोनोमर संपला तरी साखळी जिवंत राहते आणि नवा घातला की पुन्हा वाढते. गोम एवढीच की पाण्याचा अंशही तिला मारतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. सिवराम आणि डी. बास्करन यांनी 1990च्या दशकात या ऋणभारित साखळ्यांवर काम केलं. मिथाइल मेथाक्रिलेटची साखळी वाढताना भलतीकडे वळू नये म्हणून त्यांनी लिथियम परक्लोरेट हे मीठ वापरलं. अशी नाजूक साखळी जुलैतल्या मुंबईत सांभाळायची कल्पना करून बघा.

रॅडिकलला पाण्याचं वावडं नाही. पण रॅडिकल एकमेकांनाच मारतात, मग त्यांची साखळी जिवंत कशी ठेवायची? ओसाका सिटी विद्यापीठातले ताकायुकी ओत्सू यांनी या प्रश्नाचं उत्तर रबराच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मालातून काढलं.

रबर पक्कं करताना गंधकाची क्रिया वेगाने व्हावी म्हणून थाययुराम डायसल्फाइड नावाची संयुगं घालतात. (1937 साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं की अशा रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. याच कुळातलं एक संयुग पुढे दारू सोडवण्याचं औषध झालं, डायसल्फिराम. एकाच रेणूने किती धंदे करावेत!) या संयुगांमधला गंधकाचा बंध कमकुवत असतो आणि उजेडाने तुटतो, हे ओत्सूंना 1950च्या दशकापासून ठाऊक होतं. 1982मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याचा नवा अर्थ लावला. बंध तुटल्यावर गंधकाचा रॅडिकल साखळी सुरू करण्यात आळशी असतो. तो वाढत्या टोकावर जाऊन बसतो, टोपीसारखा. पुन्हा अतिनील प्रकाश टाकला की टोपी निघते, साखळी चार कड्या वाढते, टोपी परत बसते. दिवा मालवला की सगळ्या निजलेल्या. पंगतीत एकाच्याच पानात सगळी जिलेबी न पडता प्रत्येकाला थोडी थोडी मिळावी, तसं. शिवाय कुठल्याही क्षणी जागी टोकं मोजकीच, म्हणून एकमेकांना मारण्याची संधीही कमी.

सुरुवात करणारं, साखळी दुसरीकडे वळवणारं आणि थांबवणारं संयुग एकच. म्हणून इनिशिएटर, ट्रान्स्फर एजंट आणि टर्मिनेटर यांचे तुकडे जोडून त्यांनी त्याला 'इनिफर्टर' म्हटलं. नाव वाईट आहे, पण चिकटलं.

ओत्सूंच्या साखळ्या मात्र फार सारख्या निघत नसत. आळशी गंधकही कधीमधी नवी साखळी सुरू करतो, आणि अतिनील प्रकाशात टोपीच कधी मोडते. 1998 साली मेलबर्नच्या सीएसआयआरओ संस्थेत एझिओ रिझार्डो, ग्रॅम मोड आणि सॅन थांग यांच्या गटाने गंधकाची वेगळी संयुगं घेतली. थांग 1979मध्ये व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून ऑस्ट्रेलियात आले होते. या पद्धतीत टोपी एका साखळीवरून थेट दुसरीवर उडी मारते, तीही उजेडाविना. तिचं नाव राफ्ट. साखळ्या खूपच सारख्या निघाल्या आणि जगभर राफ्टचा बोलबाला झाला. ओत्सू प्रस्तावनेतल्या संदर्भांत ढकलले गेले. मला हा अन्याय वाटतो. उत्तर मेलबर्नचं जास्त नेटकं होतं हे खरं, पण रॅडिकलच्या साखळीला झोपवून उठवता येतं, हे 1982मध्ये म्हणायला हिंमत लागत होती.

नावावरूनही पुढे वाद झाला. 2010मध्ये आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सुचवलं की 'जिवंत' रॅडिकल पॉलिमरायझेशन म्हणू नये, कारण काही साखळ्या मरतातच. त्याऐवजी सुचवलेलं नाव इतकं लांबलचक आहे की मी ते इथे देत नाही.

मग उजेड परत आला. राफ्टसाठी वापरली जाणारी ट्रायथायोकार्बोनेट संयुगं पिवळसर असतात, म्हणजे निळा प्रकाश शोषतात. 2010च्या दशकात संशोधकांनी त्यांच्यावर साधे निळे एलईडी धरले. अतिनील दिवा नाही, वेगळा उत्प्रेरकही नाही. बंध तुटतो, टोपी निघते, साखळी वाढते, दिवा बंद केला की थांबते. आणि या प्रयोगांवरच्या शोधनिबंधांच्या शीर्षकात शब्द असतो फोटोइनिफर्टर.