दाराआडचे दुःख रंगमंचावर

प्रबोधनकाळातल्या इंग्रज नाटककारांनी ग्रीकांचे नियम मोडले, असे आपण नेहमी ऐकतो. पण हे नियम खरोखर ग्रीकांचे होते का, हे आधी पाहू या. स्थल, काल आणि कृती या तीन ऐक्यांचे नाव निघाले की लगेच ॲरिस्टॉटलकडे बोट दाखवले जाते. वस्तुतः त्याने आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा. कथानक एकसंध असावे. काळाबद्दल तो एवढेच म्हणतो, की शोकांतिका शक्यतो सूर्याच्या एका फेरीत आटोपते. स्थळाचा तर नियमच त्याने सांगितलेला नाही. तिन्हींचा कायदा केला तो इटालियन पंडित कास्तेल्वेत्रो याने, १५७० मध्ये. आणि खुद्द ग्रीक काय करत होते? ईस्किलसच्या ‘युमेनिडीज’मध्ये (इ. स. पू. ४५८) नाटक डेल्फीहून थेट अथेन्सला जाते!

तरीही हा कायदा इंग्लंडात पोचला. ‘गॉरबोडक’ या नाटकात स्थळाचे नि काळाचे भान नाही, अशी तक्रार सर फिलिप सिडनीने केली. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५९५ मध्ये छापला गेला. लंडनच्या नाटकगृहांनी ती तक्रार फारशी मनावर घेतली नाही.

मग इंग्रजी शोकांतिका वेगळी पडली ती कोठे? दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. सोफोक्लीझचा ईडिपस आपले डोळे फोडून घेतो ते राजवाड्याच्या आत. आपल्याला ते कळते निरोप्याच्या तोंडून. उलट शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये (सुमारे १६०६) म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे तुमच्या-आमच्या देखत काढले जातात. असे उघडे क्रौर्य रोमन सेनेकाकडून आले. त्याची दहा नाटके १५८१ मध्ये इंग्रजीत एकत्र निघाली होती.

पण रक्तापेक्षा मोठा फरक पुढेच आहे. ईस्किलसच्या ‘ॲगॅमेम्नॉन’मध्ये राजाची किंकाळी आतून ऐकू येते, तेव्हा कोरसमधले वृद्ध नागरिक काय करावे याची चर्चा करत राहतात. दारे उघडेपर्यंत कोणी आत जात नाही. ‘लिअर’मध्ये कोरस नाही. तेथे एक साधा चाकर पुढे होतो. नाटकाने त्याला नावदेखील दिलेले नाही. लहानपणापासून ज्याची चाकरी केली, त्याच धन्यावर तो तलवार उपसतो. लिअरची मुलगी रीगन त्याला पाठीमागून भोसकते. पण त्याने केलेल्या जखमेनेच धनी पुढे मरतो.

ग्रीकांचे बंद दार कमी भयंकर होते, असे मुळीच नव्हे. पण ते दार एकदा उघडे टाकल्यावर, ‘आम्हाला दिसले नाही’ असे म्हणायची सोय कोणालाच राहिली नाही. रंगमंचावरच्या चाकराला नाही, नि समोर बसलेल्या तुम्हा-आम्हालाही नाही.