उमेदवाराचे छापील प्रचारसाहित्य (भारत)

उमेदवाराचा परिचय, निवडणूक चिन्ह आणि मतदानाचे आवाहन मतदारांपर्यंत पोहोचविण्यासाठी छापली जाणारी पत्रके, भित्तिपत्रके, परिचय-पुस्तिका, नमुना मतपत्रिका व फलक यांना एकत्रितपणे छापील प्रचारसाहित्य म्हणतात. भारतात या साहित्याची रचना मुद्रणकलेइतकीच निवडणुकीच्या वेळापत्रकावर आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील तरतुदींवर अवलंबून असते.

चिन्हाचे स्थान

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. बहुसंख्य मतदार निरक्षर असल्याने ही योजना करण्यात आली होती. पुढे मतपत्रिका आणि त्यानंतर मतदान यंत्रे आली, तरी पत्रकावरील मोक्याची जागा चिन्हाकडेच राहिली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह आधीच ठरलेले असल्यामुळे त्याची छपाई लवकर सुरू होऊ शकते. अपक्षाला चिन्ह मिळते ते उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावर. तेथून मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदा दिवसांचे अंतर ठेवले आहे, आणि प्रत्यक्षातही ते फारसे अधिक नसते. त्यामुळे चिन्हाची चौकट मोकळी ठेवून उर्वरित मजकूर आधी जुळवून ठेवणे अपक्षांना सोयीचे ठरते.

यंत्रावरील चिन्ह लहान व कृष्णधवल असते. पत्रकावर ते रंगवून, सजवून छापल्यास शोभा वाढते, पण ओळख पटणे अवघड होते. बारीक रेषांचे चिन्ह किती अडचणीचे ठरू शकते, हे महाराष्ट्रात २०२४ मध्ये दिसले. त्या वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) यास 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले. लोकसभा निवडणुकीत काही अपक्षांकडे पिपाणीसारख्या वाद्याचे चिन्ह होते व त्याचे मराठी नावही 'तुतारी' असेच दिलेले होते. सातारा मतदारसंघात या चिन्हाच्या अपक्षाला विजयी मताधिक्यापेक्षा अधिक मते पडली. विधानसभा निवडणुकीपूर्वी आयोगाने ते मुक्त चिन्ह काढले नाही. मात्र पक्षाचे चिन्ह यंत्रावर अधिक ठळक दिसावे ही मागणी मान्य केली.

त्याच पक्षफुटीमुळे पत्रकावरील मजकुरातही भर पडली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील पक्षाला 'घड्याळ' वापरू दिले. परंतु चिन्हाचे वाटप न्यायप्रविष्ट असल्याची सूचना प्रचाराच्या प्रत्येक जाहिरातीत देण्यास सांगितले.

मुद्रक व प्रकाशक

अधिनियमाच्या कलम १२७-अ नुसार निवडणूक पत्रकाच्या किंवा भित्तिपत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. प्रकाशकाने आपल्या ओळखीबाबतचे स्वाक्षरीत प्रतिज्ञापन, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह, दोन प्रतींत मुद्रकाला द्यावे लागते. मुद्रक त्यातील एक प्रत छापील नमुन्यासोबत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवितो. छपाई राज्याच्या राजधानीत झाली असल्यास मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ सभेची तारीख, वेळ व स्थळ कळविणारे हस्तपत्रक या व्याख्येत येत नाही, तसेच हाताने केलेल्या नकलाही येत नाहीत.

तळाशी अगदी बारीक अक्षरांत असणारी ही ओळ निनावी बदनामीला आळा घालणारी मुख्य तरतूद आहे. प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खोटा मजकूर छापला गेल्यास त्याचा माग या ओळीवरून काढता येतो. प्रतींची संख्या व छपाईचा दरही मुद्रकाला कळवावा लागत असल्याने उमेदवाराच्या खर्चाची पडताळणी त्याच माहितीवरून होते. मोठ्या राज्यांत २०२२ पासून खर्चाची मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख व विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे.

मजकुरावरील मर्यादा

धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा कलम १२३(३) अन्वये भ्रष्टाचार ठरतो. अशा आवाहनात केवळ उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचा धर्म वा जातही येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने दिला. हा खटला मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० मधील निवडणुकीतून उद्भवला होता.

नमुना मतपत्रिकेवर उमेदवाराला स्वतःचे नाव, अनुक्रमांक व चिन्ह दाखविता येते. इतर उमेदवारांची नावे व चिन्हे छापता येत नाहीत. पक्षांकडून मतदारांना दिली जाणारी ओळखचिठ्ठी आदर्श आचारसंहितेनुसार साध्या पांढऱ्या कागदावरच असावी लागते आणि तिच्यावर उमेदवाराचे नाव, पक्षाचे नाव किंवा चिन्ह असता कामा नये.