ऑनलाइन दुकानांसाठी शोधयंत्र अनुकूलन

ऑनलाइन दुकानांसाठी शोधयंत्र अनुकूलन म्हणजे आंतरजालावरून वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळाची रचना, मजकूर व दुवे यांची अशी आखणी, की गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांना त्यातील पाने सापडावीत, त्यांचा विषय कळावा आणि ग्राहकाच्या शोधाला उत्तर म्हणून ती दाखविली जावीत. इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रक्रियेस एसईओ असे म्हणतात. 'प्रायोजित' अशी खूण असलेल्या जागा पैसे मोजून मिळतात. अनुकूलनाचा संबंध जाहिरातीविना दिसणाऱ्या निकालांशी आहे. या निकालांतील स्थान शोधयंत्राकडून विकत घेता येत नाही. त्यामुळे पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या व्यावसायिकांवर विसंबणे धोक्याचे ठरते.

कार्यपद्धती

शोधयंत्राचा 'क्रॉलर' नावाचा स्वयंचलित प्रोग्रॅम दुव्यांच्या आधारे एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. वाचलेल्या पानांची नोंद सूचीत होते आणि कोणी शोध घेतला की सूचीतील पाने क्रमाने मांडली जातात. नवख्या दुकानदाराचे लक्ष बहुधा या क्रमाकडे असते; प्रत्यक्षात काही पाने क्रॉलरला सापडतच नाहीत, तर काही सापडूनही सूचीत येत नाहीत. जे पान केवळ दुकानाच्या शोधपेटीत नाव टंकल्यावरच उघडते, ते क्रॉलरच्या वाटेवर सहसा येत नाही. म्हणून मुखपृष्ठ, वर्गाचे पान, वस्तूचे पान अशी दुव्यांची उतरंड राखतात व सर्व पत्त्यांची यादी 'साइटमॅप' या फाइलीत देतात. कोणती पाने वाचू नयेत हे क्रॉलरला सांगणारी 'रोबॉट्स' फाइल १९९४ पासून प्रचारात आहे. तिच्यातील एका चुकीच्या ओळीने संपूर्ण दुकान क्रॉलरला बंद होऊ शकते.

एक वस्तू, अनेक पत्ते

वृत्तपत्राच्या संकेतस्थळाला सहसा न भेडसावणारी ही दुकानांची खास अडचण होय. साडीचे ६ रंग आणि यादी लावण्याच्या ४ रीती असतील, तर जवळजवळ सारख्याच मजकुराचे २४ पत्ते तयार होऊ शकतात. त्यांतील मुख्य पत्ता कोणता, हे सुचविणारी 'कॅनॉनिकल' खूण गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये स्वीकारली. गूगल तिला आज्ञा न मानता सूचना मानते. हंगामी मालाचे पान हंगाम संपताच काढून टाकणे, ही याच प्रकारची पण उलट दिशेची चूक आहे. हापूसचे पान दर वर्षी नव्या पत्त्यावर उघडल्यास जुन्या पत्त्याकडे आलेले दुवे वाया जातात. पत्ता तोच ठेवून 'पुढील हंगामात उपलब्ध' असे लिहिणे अधिक हिताचे असते.

शोधशब्द आणि वर्णन

ग्राहक ज्या शब्दांनी वस्तू शोधतो ते शब्द पानाच्या शीर्षकात व वर्णनात स्वाभाविकपणे यावेत, हे या विषयाचे मूळ सूत्र आहे. मराठी ग्राहक 'हापूस आंबा पेटी' असे देवनागरीत लिहितो, तसेच रोमन लिपीतही लिहितो, आणि तेथे एकाच शब्दाची तीन-चार वर्णलेखने आढळतात. ती सारी पानात कोंबण्याची गरज नसते. पानाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची यादी घालण्याची जुनी युक्तीही व्यर्थ आहे. क्रम ठरविताना ही यादी विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले.

उत्पादकाने पुरविलेले वर्णन असंख्य दुकानांत जसेच्या तसे आढळते, त्यामुळे त्यांतील एकच पान निवडण्याचे शोधयंत्राला विशेष कारण उरत नाही. स्वतः लिहिलेल्या वर्णनाचा लाभ येथेच होतो. पेटीत किती डझन फळे आहेत, एका फळाचे वजन साधारण किती, ती कच्ची की पिकलेली पाठविली जातात, खराब निघाल्यास काय करावे, या प्रश्नांची उत्तरे ग्राहकाला हवी असतात. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. शोधात वर यावे म्हणून 'देवगड' हे नाव लिहून अन्यत्र पिकलेला आंबा पाठविणे हे अनुकूलन नसून फसवणूक होय.

दुवे आणि जे. सी. पेनी प्रकरण

अन्य संकेतस्थळांनी दिलेला दुवा ही एक प्रकारची साक्ष मानून पानाचे महत्त्व मोजण्याची पद्धत गूगलचे संस्थापक लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी विकसित केली. साक्ष मोलाची ठरताच तिची खरेदी-विक्री सुरू झाली. अमेरिकेतील जे. सी. पेनी हे मोठे दुकान २०१० च्या सणासुदीत कपडे, अंथरुणे, गालिचे अशा अनेक शोधांत अग्रस्थानी दिसत होते. विषयाशी संबंध नसलेल्या पानांवर त्याचे दुवे मोठ्या संख्येने पेरलेले असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघड केले. गूगलच्या कारवाईनंतर दुकान या शोधांत बरेच खाली घसरले. हे दुवे आपल्या संमतीने लावले गेले नसल्याचे कंपनीने सांगितले व अनुकूलनाचे काम पाहणाऱ्या संस्थेशी संबंध तोडले.

अभिप्राय

किंमत, साठा व ग्राहकांचे गुणांकन शोधनिकालातच दिसावे, यासाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या 'स्कीमा' या संकेतपद्धतीने माहिती देता येते. गुणांकनाच्या चांदण्या दिसू लागल्याने खोट्या अभिप्रायांचा मोह वाढतो. भारतातील ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याला स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास, तसेच मालाचा दर्जा वा वैशिष्ट्ये चुकीची दाखविण्यास मनाई आहे.