रेघ, नमुना आणि वास्तु

प्रत्येक वास्तु दोन वेळां बांधली जाते. प्रथम रचनाकाराच्या मनांत आणि मग भूमीवर. पहिली इमारत एकट्याला दिसते, दुसरी उभी करण्यास शेंकडों हात लागतात. जें एकाच्या मनांत आहे तें या हातांस कसें कळावें, हा प्रश्न वास्तुकलेइतकाच जुना आहे. जुबिलीच्या निमित्तानें दगडविटांचें कौतुक पुष्कळ होते. आम्ही येथें त्यांच्या आधीं उमटणाऱ्या रेघेचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवितों.

ठाकुरवाडीच्या परिसरांत कारवीच्या कुडाचें घर बांधावयास कागद लागत नाहीं. बांधणारा व राहणारा एकच. घराचें माप हातापायांत आणि त्याचा घाट शेजारच्या घरांत. कर्जत तालुक्यांतील राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचीं लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास कारागिरांनीं तेथील खडकांत लांकडी इमारतींच्या कमानी, तुळया आणि कठडे हुबेहूब कोरले. लांकूड व दगड यांचा धर्म वेगळा असतांही हें त्यांस साधलें, कारण परिचयाची लांकडी वास्तुच त्यांचा नमुना होती.

परंतु पूर्वीं न पाहिलेली वास्तु उभारावयाची झाली, म्हणजे आठवणीवर भागत नाहीं. मध्यप्रदेशांतील भोजपूर येथें अकराव्या शतकांत राजा भोजानें आरंभिलेलें प्रचंड शिवमंदिर अपुरें राहिलें आहे. त्याच्या आसपासच्या खडकांवर खांब, शिखरें व मंदिरांचे आराखडे रेघांनीं कोरलेले अद्याप दिसतात. कारागिरांनीं तेथेंच यावें, माप पाहावें आणि दगड घडवावा, अशी ती सोय होती. मंदिर अपुरें राहिलें. त्याच्या रचनेचा विचार मात्र खडकावर टिकला.

आमच्याच रेल्वेमार्गावरील अंबरनाथचें मंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील आहे. सन १८६८ मध्यें सरकारी आज्ञेनें मुंबईच्या कलाशाळेच्या मंडळींनीं त्याचे नकाशे काढले व शिल्पांचे सांचे घेतले. येथें क्रम उलटा झाला. आधीं वास्तु, मागाहून रेघ. झिजणाऱ्या दगडाची साक्ष कागदानें जपावी, हेंही नकाशाचें एक कार्य होय.

रोममधील संत पेत्राच्या महामंदिराची कथा याहून बोधप्रद आहे. अंतोनियो दा सांगाल्लो यानें आपल्या योजनेचा सात मीटरांहून अधिक लांबीचा लांकडी नमुना करविला. त्या कामास १५३९ पासून १५४६ पर्यंत सात वर्षें लागलीं. त्याच्या पश्चात् काम हातीं घेणाऱ्या मायकेलअँजेलोनें ती योजना नापसंत केली. नमुन्यामुळें तिचे दोष डोळ्यांस दिसले, आणि दगडांत मोडतोड करण्यापेक्षां लांकडांत चूक उमगणें केव्हांही स्वस्त. पुढें वृद्ध मायकेलअँजेलोनें १५५८ ते १५६१ या काळांत घुमटाचा नमुना करविला. १५६४ मध्यें तो निवर्तला, तेव्हां घुमट चढावयाचा होता. तो १५९० मध्यें जाकोमो देल्ला पोर्ता व दोमेनिको फोंताना यांनीं पुरा केला. त्यांनीं घाट किंचित् उंचावला. तथापि मूळ विचार हरवला नाहीं. धन्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या वतीनें बोलणारा साक्षी म्हणजे नमुना.

कर्जतहून लोकलनें मुंबईस जाणारे आमचे वाचक ज्या स्थानकांत उतरतात, तें आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यानें योजिलें. १८७८ मध्यें काम सुरू झालें व दहा वर्षांनीं संपलें. त्याची भव्यता लोकांस कळावी म्हणून अ‍ॅक्सेल हेग या चित्रकारानें इमारत उभी राहण्यापूर्वींच तिचें जलरंगांतील चित्र काढलें. दगडावरील पानाफुलांचे नमुने मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं घडविले. चित्रानें पाहणाऱ्याचें मन वळविलें आणि नमुन्यानें पाथरवटाचा हात चालविला. दोहोंचीं कामें भिन्न.

यावरून ध्यानांत येईल, कीं एकच रेघ सर्वांशीं बोलत नाहीं. जमिनीवरील आराखडा गवंड्यास भिंत कोठें घालावी तें सांगतो. उभा छेद पायापासून आढ्यापर्यंतची उंची दाखवितो. दर्शनी चित्र दात्याच्या डोळ्यांस सुखवितें. पण ज्याच्या घामाचा पैसा त्या भिंतींत जातो, त्या अक्षरशून्य माणसास यांतील कोणती भाषा कळते? त्याच्यापुढें कागद पसरून संमति विचारणें म्हणजे न विचारण्यासारखेंच. खुंट्या ठोकून, सूत धरून, चुन्यानें जागा आंखून त्यास आंतून फिरवावें. लांकडाचा लहानसा नमुना हातीं द्यावा. दार अरुंद आहे, पावसाचें पाणी या बाजूनें आंत येईल, म्हातारीस ही पायरी चढवणार नाहीं, असें तो तत्काळ सांगेल. आणि पुष्कळदां त्याचेंच खरें ठरेल.

म्हणून आमची विनंती अशी, कीं नवी वास्तु योजणाऱ्यांनीं वाडींतील शेवटच्या माणसास कळेल अशा रीतीनें ती आधीं दाखवावी, आणि काम झाल्यावर नकाशे फेंकून न देतां जपून ठेवावे. छप्पर गळूं लागेल त्या दिवशीं आमच्या नातवंडांस बांधणाऱ्याशीं बोलावें लागेल. तो नसेल, त्याची रेघ तरी असावी.