तोफ ओढली कोणी?

परंड्याचा किल्ला पाहण्यासाठी मी दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जातो. बुरुजावरच्या तोफांपाशी उभा राहून मुलूखमैदान तोफेची हकिगत सांगतो. महंमद नावाच्या एका रूमी उस्तादाने 1549 साली अहमदनगरात ती ओतली. वजन सुमारे 55 टन, लांबी चौदा फुटांवर. पुढे ती परंड्यास होती. 1632 साली मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली आणि आजही ती तिथल्या बुरुजावर आहे.

एका वर्षी वस्तीतल्या एका मुलाने विचारले, ‘सर, एवढं धूड ओढलं कुणी?’ मी ऐकीव उत्तर दिले : दहा हत्ती, चारशे बैल. तो म्हणाला, ‘अन् माणसं?’

मी गप्प झालो. ओतणाऱ्याचे नाव धातूवर कोरलेले आहे, नेणाऱ्याचे इतिहासात आहे. चाकाखाली ओंडके सारणारे, चिखलातून दोर ओढणारे, ते दोर वळणारे, यांचे नाव कोठे आहे?

दगड, तांबे, लोखंड, दारूगोळा असा शस्त्रांचा क्रम आपण वर्गात शिकवतो. तो चूक नाही. पण शस्त्र कशाचे होते एवढेच त्यातून कळते. ते कोणाच्या हातात होते आणि कोणाच्या हातात येऊ दिले नाही, हे कळत नाही. प्रवरेकाठी नेवाशाला सापडलेल्या दगडी हातकुऱ्हाडी पाहा. त्यांनी जनावर सोलले जाई, मूळ उकरले जाई, वेळप्रसंगी वैऱ्याचे डोकेही फुटत असेल. अवजार आणि शस्त्र तेव्हा एकच होते आणि नदीतला गोटा फोडता येईल त्या प्रत्येकाचे होते. लोखंड आल्यावर फरक पडला. विदर्भात नायकुंडला सुमारे 2700 वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आहे. त्याच काळातल्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत मृतासोबत लोखंडी हत्यारे आणि घोडाही पुरलेला आढळतो. ज्याच्यासोबत घोडा पुरला, तो भट्टी फुंकणारा नक्कीच नसणार.

पुढे वर्णव्यवस्थेने या फरकाला धर्माचे रूप दिले. मनुस्मृतीने संकटकाळी ब्राह्मणालाही शस्त्र धरण्याची मुभा दिली, द्विजांपुरती. बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमके याच वर्मावर बोट ठेवले. इतर देशांत झाली तशी सामाजिक क्रांती इथे का झाली नाही, याचे एक कारण त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या रिकाम्या हातांत शोधले. चामड्याची ढाल शिवायची कोणी आणि ती मिरवायची कोणी, हे जन्माने ठरलेले होते.

कोणी म्हणेल, शिवकाळात किल्ल्यांवर महार, मांग, रामोशी होतेच की. होते. पण त्यांची जागा बहुधा तटाबाहेर, घेऱ्यात. पहिला घाव त्यांनी झेलायचा.

इंग्रजांनी बंदूक हाती दिली ती प्रेमापोटी नव्हे. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला लढलेल्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तिथल्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. तरी 1892 च्या सुमारास त्याच इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच 1921 साली मोडली. 1941 साली पुन्हा युद्ध, पुन्हा महार रेजिमेंट. 1946 साली ती मशिनगन रेजिमेंट झाली. ज्यांच्या आज्याला गावात तलवार मिरवणे शक्य नव्हते, त्यांच्या टोपीवर विकर्स मशिनगन आली. (1878 च्या शस्त्रकायद्याने राष्ट्र निःशस्त्र झाले म्हणून काँग्रेसने ठराव केले. राष्ट्राचा एक भाग त्याआधीच शतकानुशतके निःशस्त्र होता, याची खंत मात्र त्या ठरावांत नव्हती.)

13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून आलेले भारतीय रणगाडे नळदुर्गाजवळ निजामाच्या राज्यात शिरले. पाच दिवसांत राजवट कोसळली. बुरुज आणि तोफा यांचा काळ आमच्या जिल्ह्यात त्याआधीच संपला होता.

पण शस्त्रांचा इतिहास रणगाड्यापाशी थांबत नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, 1978 साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. तिथे कोणती शस्त्रे होती? कुऱ्हाड, काठी, रॉकेल, काडेपेटी. शस्त्रांच्या कोणत्याही ग्रंथात काडेपेटीचे चित्र नाही. बंद केलेले दुकान, अडवलेली विहीर, कामावरून काढून टाकलेली बाई यांचेही नाही. नामांतर झाले 14 जानेवारी 1994 ला. तोवर जळालेल्या घरांच्या जागी कित्येकांनी दुसरी घरे बांधली होती.

माझा आजा येसकर होता. घुंगरांची काठी घेऊन रात्रभर गावाची राखण करायचा. मी विद्यार्थ्यांना तिच्याविषयीही सांगतो. गेल्या वर्षी त्याच मुलाने विचारले, ‘सर, मग ती शस्त्र होती का?’ आजी सांगायची, 1978 च्या त्या रात्री आज्याने काठीचे घुंगरू सोडून ठेवले, वाजू नयेत म्हणून, आणि दारात बसून राहिला. काठी अजून आमच्या घरी आहे. घुंगरू सापडले नाहीत.