स्क्रेपी : मेंढ्यांच्या खाजेचा इतिहास

स्क्रेपी हा मेंढ्या-शेळ्यांच्या मज्जासंस्थेचा प्राणघातक रोग असून असह्य खाज हे त्याचे ठळक लक्षण आहे. बहुधा दोन ते पाच वर्षांची मेंढी कुंपणाला, झाडाला अंग घासू लागते, स्वतःच्या पायांना चावते. कुशीची आणि मागच्या भागाची लोकर झडते. तिची पाठ खाजवली की ती ओठ चावल्यासारखे हलवते. पुढे थरकाप होतो, चाल बिघडते, शरीर खंगते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू येतो. उवा किंवा खरूज हे या खाजेचे कारण नसते. तिचे मूळ मेंदूच्या बिघाडात असते.

हा रोग प्रथम मेंढपाळांनी ओळखला. लोकरीच्या व्यापारावर जगणाऱ्या इंग्लंडमध्ये त्याचा धसका मोठा होता. १७५५ साली लिंकनशरच्या मेंढीपालकांनी त्याबद्दल थेट संसदेकडे दाद मागितली. १७५९ साली जर्मनीत लिओपोल्ट याने खांबाला पाठ घासणाऱ्या मेंढीचे वर्णन करून, रोग असाध्य व संसर्गजन्य आहे, म्हणून ती कळपातून तत्काळ वेगळी काढावी, असे बजावले. आजार आनुवंशिक की सांसर्गिक, हा वाद मात्र पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालला.

१९३६ साली फ्रान्समधील तुलूज येथे क्युये आणि शेल यांनी रोगी मेंढीच्या मज्जारज्जूचा अंश निरोगी मेंढ्यांच्या डोळ्यांत टोचला. वर्ष-दोन वर्षांनी त्यांना स्क्रेपी झाला. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये ‘लूपिंग इल’ या दुसऱ्या रोगावरील लसीच्या एका साठ्यातून सुमारे १८,००० मेंढ्यांना लस दिली गेली. ती मेंढ्यांच्याच ऊतींपासून बनवली होती आणि त्यात फॉर्मेलिन होते. तरीही दोनेक वर्षांनी लस घेतलेल्या कळपांत स्क्रेपी उद्भवला. विषाणूंना मारणारे रसायन या रोगकारकापुढे निष्प्रभ ठरले होते.

१९५९ साली पशुवैद्य विल्यम हॅडलो यांनी पापुआ न्यू गिनीतील माणसांचा ‘कुरू’ रोग आणि स्क्रेपी यांतील साम्य दाखवले. पुढे टिक्वा आल्पर यांच्या प्रयोगांत, जनुकद्रव्य नष्ट करणाऱ्या किरणोत्सारालाही हा रोगकारक दाद देत नाही, असे आढळले. केवळ प्रथिन स्वतःसारखी प्रथिने घडवू शकेल, असा तर्क १९६७ साली ग्रिफिथ यांनी मांडला. १९८२ साली स्टॅन्ले प्रुसिनर यांनी या प्रथिनाला ‘प्रायॉन’ हे नाव दिले. १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चुकीची घडी पडलेले प्रायॉन प्रथिन निरोगी प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावते आणि त्यातून चेतापेशी मरत जातात.

माणसांच्या प्रायॉन रोगांतही, विशेषतः क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाच्या एका आनुवंशिक प्रकारात, काही रुग्णांना तीव्र खाज सुटते. स्क्रेपीवर आजही औषध नाही. रोगी जनावरे काढून टाकणे आणि जनुकीयदृष्ट्या प्रतिरोधक मेंढ्यांची पैदास करणे, हेच त्याच्या नियंत्रणाचे मुख्य मार्ग आहेत.