संगणक आवाज करून अचानक बंद पडत असल्यास...

संगणकाचा आवाज वाढणे आणि तो मध्येच बंद पडणे, या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते : उष्णता. धूळ साचली की पंखा अधिक वेगाने फिरतो. तरीही प्रोसेसरचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोहोचल्यास त्याच्या बचावासाठी संगणक आपोआप बंद होतो. वीजजोडणी काढून, पंख्याची पाती धरून मऊ ब्रशने धूळ झाडावी. हीटसिंकखालची थर्मल पेस्ट वाळली असल्यास बदलावी. बायोसमध्ये तापमान योग्य दिसूनही संगणक बंद पडत असल्यास एसएमपीएस तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा. आतील कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असल्याने तो स्वतः उघडू नये. मात्र हार्ड डिस्कमधून ‘टकटक’ असा आवाज येत असल्यास सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइल्सची प्रत अन्यत्र घ्यावी. निकामी डिस्कमधील माहिती परत मिळेलच, याची शाश्वती नसते.